क्वीन्स, न्यूयॉर्क: शाळेने वाचनाचा अभ्यासक्रम बदलला, पण मुलगा अजून अंदाजानेच वाचतो

क्वीन्सकर_आई

नमस्कार मंडळी. मुलगा इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. केजीत असताना वाचनाच्या पातळीचं (लेव्हलचं) अक्षर छापलेली पातळ पुस्तकं घरी यायची. शब्द अडला की चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय बसेल ते म्हणून बघ, असं त्याला शिकवलेलं. पहिलीपासून सगळं बदललं. आता 'इन्टू रीडिंग' आहे आणि फोनिक्ससाठी, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्यासाठी, 'फंडेशन्स'. बदल मला पटलाय. बाराखडीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे अंदाजाने वाचणं कधी झेपलंच नाही. पण पोराची सवय काही जात नाही. काल पानावर 'पाथ' होतं, त्याने चित्राकडे नजर टाकली आणि बिनधास्त 'रोड' वाचून पुढे गेला. 'हाउस'चं 'होम' तर रोजचंच. टीचर म्हणतात, थोडा वेळ द्या. घरी मी नक्की काय करू? आणि हे नवीन तरी टिकणार आहे का, की चार वर्षांनी पुन्हा दुसरंच काहीतरी?

जर्सीवासी

माझी मुलगी जुन्याच पद्धतीने शिकली आणि आज पाचवीत जाडजूड कादंबऱ्या संपवते. त्यामुळे जुनं ते सगळं वाईट, हे मला मान्य नाही. भावाची मुलं तुमच्याच शहरात शिकतात. त्यांच्याकडे 'इन्टू रीडिंग'मध्ये उतारेच जास्त, अख्खं पुस्तक क्वचित. अशाने गोडी कशी लागणार?

अक्षरओळख

मी न्यूयॉर्कच्याच एका शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट घेते. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जर्सीवासींचा मुद्दा. काही मुलं कुठल्याही पद्धतीने वाचायला लागतात. अक्षर-ध्वनीचं नातं त्यांचं त्यांना उमगतं. तुमची लेक त्यातली असावी, आनंदच आहे. पण माझ्याकडे येतात ती मुलं तशी नसतात. त्यांना कुणी स्पष्ट सांगितलं नाही तर ती तिसरीपर्यंत चित्रावर निभावून नेतात. मग पुस्तकातली चित्रं संपतात आणि विज्ञानाच्या धड्यावर मूल गप्प बसून राहतं. आईबापांना ते तेव्हा कळतं. या शहरात 2003 मध्ये जोएल क्लाइन चॅन्सलर, म्हणजे शहराच्या शाळांचे प्रमुख, असताना बॅलन्स्ड लिटरसी, म्हणजे ही चित्र-अंदाजाची जुनी पद्धत, सगळीकडे आली, आणि 2023 मध्ये तेव्हाचे चॅन्सलर डेव्हिड बँक्स यांनी 'एनवायसी रीड्स' ही नव्या अभ्यासक्रमांची योजना जाहीर करून ती मोडीत काढली. मधल्या काळात किती मुलं अशी गप्प बसली असतील, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. नॅशनल रीडिंग पॅनेल या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2000 सालचा आहे आणि फोनिक्स पद्धतशीर शिकवावं हे त्यात स्वच्छ लिहिलंय.

आता क्वीन्सकर ताई, तुमचा मुलगा. 'पाथ'च्या जागी 'रोड' वाचलं म्हणजे त्याला गोष्ट कळतेय, पण अक्षरांवरून नजर फिरलीच नाही. तो अडला की त्याची नजर कुठे जाते ते बघा. चित्राकडे किंवा तुमच्या चेहऱ्याकडे गेली, तर चित्रावर हात ठेवा आणि बोट शब्दाखाली न्या. "काय असेल बरं?" हा प्रश्न पूर्ण बंद. त्याऐवजी "कुठले आवाज दिसतायत?" असं विचारा. 'पाथ'मध्ये टी आणि एच मिळून एकच आवाज आहे, त्या दोन्हींखाली मिळून एकच बोट ठेवा, मग प, आ, थ असे आवाज सलग ओढायला लावा. शब्द निघाला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या. हे शेवटचं बरेच पालक सोडून देतात, पण वाचनाचा ओघ त्यातूनच येतो.

'सेड'सारखे शब्दही पाठ करून घेऊ नका. त्यातला पहिला आणि शेवटचा आवाज अगदी नियमाने आहे, फक्त मधलं ए-आय वाकडं. तेवढंच लक्षात ठेवायचं. आपल्याला इंग्रजी वाचन अंदाजाचं वाटतं कारण 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार आहे. देवनागरीत एवढी ओढाताण नाही. पण इंग्रजीलाही नियम आहेत, ते शिकवावे लागतात इतकंच.

नवीन टिकेल का, याचं उत्तर नुसत्या पुस्तकात नाही. मिसिसिपी राज्याचं उदाहरण सगळे देतात. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत त्यांची सरासरी 2013 मध्ये 209 होती, 2019 मध्ये 219 झाली, म्हणजे देशाच्या बरोबरीला आली. पण त्यांनी 2013 मध्ये कायदा केला, शिक्षकांना वाचनाच्या शास्त्राचं प्रशिक्षण दिलं, कमजोर शाळांत कोच, म्हणजे शिक्षकांना वर्गात मदत करणारे मार्गदर्शक, पाठवले आणि तिसरीत वाचता न येणाऱ्याला पुढे ढकलणं थांबवलं. आमच्याकडे नव्या पुस्तकांची खोकी आधी आली, प्रशिक्षण मागून. कोच वर्गात येऊन बसतो तिथे फरक दिसतो, हे मी रोज बघते.

उताऱ्यांबद्दल मात्र जर्सीवासी बरोबर बोलतायत. शहराने तीन अभ्यासक्रमांतून निवड दिली: 'इन्टू रीडिंग', 'विट अँड विस्डम' आणि 'ईएल एज्युकेशन'. शहरातल्या बहुतेक शालेय जिल्ह्यांनी पहिला घेतला. बाकीचे दोन एकेका विषयात खोल शिरतात, अख्खी पुस्तकं वाचून घेतात, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी मांडलं की वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. 1988 च्या एका प्रयोगात बेसबॉलवरचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून नुसतं फोनिक्स पुरत नाही. प्राणी, नद्या, जुने राजे, यंत्रं, जे मिळेल ते मोठ्याने वाचून दाखवा.

क्वीन्सकर_आई

ताई, खूप आभार. चित्रावर हात ठेवून बघितला. पोरगा चिडला, पण 'पाथ' निघाला! दोन शंका आहेत. शाळेने स्क्रीनरचा, म्हणजे वाचनाच्या छोट्या तपासणी चाचणीचा, निकाल पाठवलाय, 'निरर्थक शब्द' या रकान्यात तो बराच खाली आहे. असे शब्द मुलांना विचारतातच कशाला? आणि मी रात्री मराठीतून गोष्टी वाचते, त्या बंद करून इंग्रजी घेऊ का?

अक्षरओळख

निरर्थक शब्दाला ना चित्र, ना अर्थ, ना पाठांतर. तिथे अंदाज चालतच नाही, आवाज जोडता येतात की नाही तेवढंच दिसतं. तुमच्या वर्णनाशी तो निकाल तंतोतंत जुळतो. टीचरना लेखी विचारा की त्याला कुठल्या गटात जादा वेळ मिळतोय आणि कुठल्या आवाजांवर काम चाललंय. त्याच आवाजांची डिकोडेबल पुस्तकं, म्हणजे शिकवलेल्या आवाजांवरूनच वाचता येतील अशी, घरी मागा. पुढच्या स्क्रीनरमध्ये तो रकाना हलला नाही, तर थांबू नका, मूल्यमापनाची लेखी मागणी करा.

मराठी गोष्टी अजिबात बंद करू नका. ज्वालामुखी म्हणजे काय हे त्याला मराठीतून कळलं, की इंग्रजी धड्यात फक्त शब्द नवा उरतो.