पाच ग्रॅमचा हात

"क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणजे मालिशवाला मान मोडतो, तसलंच काही का?" असं एकानं विचारलंय. नाही, अगदी उलट. या थेरपीत मान मोडत नाहीत, तेलही लावत नाहीत. अंगावरच्या कपड्यांतच उताणं झोपायचं. थेरपिस्ट कवटीखाली आणि कमरेखालच्या त्रिकास्थीखाली नुसते तळहात ठेवतो. दाब सुमारे 5 ग्रॅम, एखादं नाणं ठेवल्याइतका.

माझ्या आईनं सोलापुरात तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान दिवसभर खाली. मालिशचा हात लागला तरी ती कळवळायची. इथे मात्र तासाभरात घोरायला लागली! दुखणं दोन दिवसांनी परत आलं, हेही सांगते. पण ती झोप तिला हवीच होती.

कल्पना मूळची अमेरिकन ऑस्टिओपॅथ (हाडं-स्नायू हातानं हाताळून उपचार करणारे) विल्यम सदरलँड यांची. 1970 च्या दशकात दुसरे ऑस्टिओपॅथ जॉन अपलेजर यांनी तिला आजचं रूप दिलं. मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवाची लय हाताला कळते, हा दावा. पण एकाच रुग्णाची लय दोन थेरपिस्टना सारखी लागत नाही, असं तपासणीत दिसलंय. म्हणून आराम म्हणून जा, इलाज म्हणून नको.

डोक्याला नुकताच मार लागला असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर अजिबात नको. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.