एम्युलेटर, रॉम, पायरेटेड गेम: तुमचा खरा अनुभव सांगा (अनुभव धागा)

पिवळी_कॅसेट

मागच्या महिन्यात आईकडे माळा आवरताना आमचा टीव्हीवाला गेम सापडला. १९९८ च्या दिवाळीत बाबांनी बोनसमधून आणलेला, दोन रिमोट, एक बंदूक आणि ती पिवळी कॅसेट ज्याच्यावर ९९९९ इन १ लिहिलेलं असायचं आणि आत खरे वेगळे गेम मोजकेच, बाकी सगळे तेच फिरवून फिरवून. लावून बघितला, कॅसेट फुंकून झाली, काही नाही, काळी स्क्रीन. मग मी फोनवर एम्युलेटर (जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकला, नेटवरून रॉम (कॅसेटमधल्या गेमची फाइल) घेतला आणि कॉन्ट्रा हा गेम लावला. पहिल्या लेव्हलचं म्युझिक ऐकून दादा आतल्या खोलीतून धावत आला, दोघं दीड तास खेळलो.

तेव्हा माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं दहा, शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, आत्या, हा गेम कुणी बनवला? त्यांना आपण पैसे दिले का? मला उत्तर देता आलं नाही. विचार केला तर लहानपणी पण दिले नव्हते. बाबांनी दुकानदाराला दिले, पण ते यंत्रच जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेम यंत्राची नक्कल होती आणि कॅसेटमधले गेम कुणालाही न विचारता भरलेले. म्हणजे आमच्या अख्ख्या पिढीने पैसे मोजून पायरसी केली आणि आम्हाला तो शब्दही माहीत नव्हता.

नंतर शोधलं तर कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचं एकत्र कलेक्शन काढलंय, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावर मिळतं. मी विकत घेतलं आणि भाचीला दाखवलं. पण त्या कॅसेटमधले बाकीचे? कितीतरी कुठेच विकत मिळत नाहीत. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता, २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्हते. मग असे गेम खेळायचेच नाहीत का? मला वाद नकोय, अनुभव हवेत. तुम्ही काय केलंत आणि आज त्याबद्दल काय वाटतं ते लिहा.

तालुक्याचा_दुकानदार

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितो. २००३ ते २०११ माझं सायबर कॅफे कम गेम पार्लर होतं, तासाला १५ रुपये. कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेले तीन पीएस२ (सोनीचं प्लेस्टेशन २) आणि आठ पीसी. महिन्यातून एकदा एसटीने मुंबईला जायचो, लॅमिंग्टन रोडवरून सीड्या आणायचो आणि इथे कॉपी मारून ५० ला विकायचो. व्हाइस सिटी या गेमची सीडी किती विकली त्याचा हिशोब नाही. ओरिजिनल डिस्क मी आठ वर्षांत फक्त दोनदा हातात घेतली, हजाराच्या वर किंमत, आमच्या गावात कोण घेणार.

त्यावेळी मला ती चोरी वाटली नाही हे खरं आहे. आज वाटते. कारण मी खेळत नव्हतो, मी विकत होतो, घरभाडं त्याच्यावर निघत होतं. पोरं खेळली त्यांचं वेगळं, माझं वेगळं. एवढा फरक मी स्वतःशी करतो.

आणि एक बघितलेलं सांगतो, सीड्यांचा धंदा धाडींनी बंद पडला नाही, धाडी आधीपण पडायच्या, दोन दिवस शटर खाली आणि तिसऱ्या दिवशी चालू. नेट फास्ट झालं, २०१५ च्या शेवटी स्टीमवर रुपयात किमती आल्या, सेल लागले, यूपीआय आलं. माझाच मुलगा आता पॉकेटमनीतून दीडशे दोनशेचा गेम घेतो, क्रॅक (लॉक तोडलेली फुकट प्रत) शोधत पण नाही.

पिंपरीचा_डेव्ह

दुकानदार काका, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. आता माझं ऐका.

आम्ही चौघांनी नोकऱ्या सांभाळून अडीच वर्षं रात्री बसून एक छोटा मोबाइल गेम केला. किंमत ८० रुपये ठेवली, जाहिराती नाहीत, आतून काही विकत घ्यायला लावणं नाही, कारण आम्हाला स्वतःला ते आवडत नाही. तिसऱ्या दिवशी लीडरबोर्डवर (खेळाडूंच्या गुणांच्या यादीत) विकलेल्या प्रतींपेक्षा कितीतरी जास्त नावं दिसायला लागली. कुणीतरी एपीके, म्हणजे गेमची इन्स्टॉल करायची फाइल, काढून टेलिग्रामवर टाकली होती. एकाने तर आम्हालाच मेल केला की तुमच्या गेममध्ये चौथ्या लेव्हलला बग आहे, नीट करा. त्याची प्रत पायरेटेड होती आणि तो बग आम्ही पहिल्याच अपडेटमध्ये काढला होता.

सगळे काही विकत घेणारे नव्हते हे मला कळतं. पण दुसरा गेम आम्ही फुकट आणि जाहिरातींवाला केला, आणि तो करताना आम्ही चौघंही आतून नाराज होतो. लोक म्हणतात मोठ्या कंपन्यांचं काय बिघडतं. बिघडत नसेल, पण ज्याने एपीके टाकली त्याने आमची कंपनी मोठी की छोटी हे बघून टाकली नव्हती.

म्हणून माझं मत, जे आज विकत मिळतंय आणि परवडतंय ते विकत घ्या. जे विकायचंच बंद झालंय त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. उद्या आमचा तो पहिला गेम नव्या अँड्रॉइडवर चालेनासा झाला आणि कुणी एम्युलेटरवर जिवंत ठेवला तर मी त्याला स्वतः सोर्स कोड देईन.

वकिलीण_बाई

खूप जण विचारतात की भारतात कायदा काय म्हणतो, तर थोडक्यात, कारण बरेच जण अमेरिकन व्हिडिओ बघून मत बनवतात. हा सल्ला नाही, माहिती आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ५२ मध्ये काय केलं तर उल्लंघन होत नाही याची यादी आहे, त्यात संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे त्याला त्या प्रतीवरून बॅकअप घेता येतो, आणि स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरधंद्याच्या वापरासाठी प्रत करता येते. शब्द नीट बघा, त्या प्रतीवरून. माळ्यावर ओरिजिनल कॅसेट आहे म्हणून नेटवरून दुसऱ्याने चढवलेला रॉम उतरवला तर तो या सवलतीत सहज बसत नाही. शिवाय गेममध्ये नुसता प्रोग्राम नसतो, संगीत असतं, चित्रं असतात, त्यामुळे ही सवलत किती लांब ताणता येईल यावर वाद होऊ शकतो.

२०१२ च्या दुरुस्तीत ६५अ आलं, कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल लॉक तोडण्याबद्दलचं, दोन वर्षांपर्यंत कैद. पण आपल्याकडे ते हक्क डावलण्याच्या हेतूने तोडलं तर, असं आहे. अमेरिकेतला १९९८ चा कायदा यापेक्षा बराच कडक. विकणाऱ्याला कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड. आणि हे फार लोकांना माहीत नसतं, ६३ब प्रमाणे माहीत असून पायरेटेड प्रोग्राम संगणकावर वापरणं हासुद्धा गुन्हा आहे, किमान सात दिवस कैद, धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून दंडावर सोडू शकतं.

"गेम जुना झाला म्हणून फुकट" हा नियम कुठेच नाही. प्रोग्रामचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, लेखकाचं नाव दिलेलं नसेल तर प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९८५ चा मारिओ आपल्याकडे किमान २०४५ संपेपर्यंत कुणाचा तरी आहे. मला स्वतःला हे ६० वर्षांचं गणित सॉफ्टवेअरला लावणं अन्यायाचं वाटतं, तेवढ्या वर्षांत तो गेम चालवणारं यंत्र उरणार नाही, डिस्क वाचणार नाही. पण कायदा आज असा आहे.

क्योतोहून

मी पुण्यात जपानी शिकले. हिरागाना (जपानी अक्षरं) काही केल्या डोक्यात बसत नव्हतं, सरांनी सांगितलं जपानी पोकेमॉन खेळून बघ. जुने पोकेमॉन सगळे कानामध्ये (हिरागानासारख्या साध्या उच्चारी अक्षरांत), कांजी (चिनी चित्राक्षरं) नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली, लहान मुलांसाठी केलेलं म्हणून. तेव्हा कॅसेट कुठली आणणार, रॉम उतरवला आणि एम्युलेटरवर खेळले. मला गेम म्हणून नाही, पुस्तक म्हणून तो लागला. ती माझी पहिली पायरी होती आणि ती पायरेटेड होती, हे मी नाकारत नाही.

नोकरीला इथे आल्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या जंक खोक्यातून तीच १९९६ ची हिरवी कॅसेट घेतली. आतली बॅटरी संपलेली, सेव्ह राहत नाही. सोल्डरिंग शिकून बॅटरी बदलली. पण माझ्या मनाला एक गोष्ट लागली, बॅटरी काढली तेव्हा आधीच्या मुलाचं जे काही सेव्ह राहिलं असेल ते गेलं. त्यानंतर जी कॅसेट घेते ती आधी डंपरने (कॅसेटमधलं सगळं वाचणाऱ्या यंत्राने) कॉम्प्युटरवर उतरवते, सेव्हसकट. बॅटरीत जीव असला तर कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी ठेवलेली पोकेमॉनची नावं अजून आत असतात. कंपनी ते जपणार नाही, तिच्याकडे ते नाहीच.

आणि हो, सेकंडहँड कॅसेट घेतली तरी गेम बनवणाऱ्याला काही मिळत नाही, पैसे दुकानाला जातात. तरी आपण ते नैतिक मानतो. याच्यावर मी बराच विचार केलाय, पूर्ण उत्तर मिळालेलं नाही.

फ्रेम_ड्रॉप

मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) एम्युलेटरवर फावल्या वेळेत टेस्टिंगचं काम करायचो, कुठला ते सांगत नाही. लोकांना वाटतं एम्युलेटर म्हणजेच चोरी. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात वरच्या कोर्टाने सांगितलं होतं की प्लेस्टेशनचं बायोस (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) अभ्यासून स्वतःचा वेगळा प्रोग्राम लिहिणं चालतं. सोनीनेच २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक काढला तेव्हा आत ओपन सोर्स एम्युलेटर घातला होता, कुणीतरी फुकट लिहिलेला.

मग २६ फेब्रुवारी २०२४ ला निन्टेन्डोने त्यांच्या स्विच कन्सोलच्या युझू या एम्युलेटरवर केस केली आणि ४ मार्चला तडजोड, २४ लाख डॉलर आणि प्रोजेक्ट बंद, सोबत त्याच टीमचा सिट्रा एम्युलेटर पण गेला. त्या आठवड्यात आमच्या डिस्कॉर्डवर (ऑनलाइन गप्पांच्या ग्रुपवर) कुणी झोपलं नसेल. ऑक्टोबरमध्ये रियूजिंक्स हा दुसरा स्विच एम्युलेटर बंद. राग आला, अजून आहे. पण खरं बोलायचं तर युझूवाल्यांचीही चूक होती. निन्टेन्डोचा झेल्डा मालिकेतला नवीन गेम १२ मे २०२३ ला येणार होता, आधीच लीक झाला, निन्टेन्डोच्या म्हणण्याप्रमाणे रिलीजच्या आधी दहा लाखांवर डाउनलोड, आणि त्याच काळात युझूवाल्यांचे अर्ली अ‍ॅक्सेसचे (नवी आवृत्ती आधी मिळण्यासाठी लोक देत असलेले) पैसे वाढत होते. चालू कन्सोलचा, दुकानात यायच्या आधीचा गेम. हे जतन नव्हे. त्यांच्यामुळे तीस वर्षांपूर्वीचे गेम सांभाळणारे लोकही संशयात आले.

आणि तडजोड झाल्याने गेमचं लॉक उघडणाऱ्या किल्ल्या एम्युलेटरमध्ये वापरणं चालतं का हा प्रश्न कोर्टाने सोडवलाच नाही, तो तसाच लटकलाय.

दोन_बटणं

माझ्या धाकट्या भावाच्या हातात ताकद कमी आहे, स्नायूंचा आजार. कंट्रोलर धरताच येत नाही. एम्युलेटरमध्ये मी त्याला सगळं दोन मोठ्या बटणांवर आणून दिलं, स्पीड साठ टक्के, आणि दर थोड्या वेळाने सेव्ह स्टेट (गेम आहे तिथेच साठवून ठेवणं). त्याने पहिल्यांदा एक गेम शेवटपर्यंत संपवला तेव्हा आई रडली. हा गेम आज नव्या कन्सोलवर विकत मिळतो, आम्ही घेतलाय, पण त्यात स्पीड कमी करता येत नाही. म्हणून पैसे तिकडे दिले आणि खेळतो इकडे. कायद्यात कुठे बसतं माहीत नाही, वकिलीण बाईंनी सांगावं. पण मला यात काही चुकीचं दिसत नाही आणि दिसणारही नाही.

नाशिककर

माझं छोटंसं. क्रिकेट ०७. २००६ च्या शेवटी आला, ईए या कंपनीने नंतर क्रिकेट काढलंच नाही, कुठल्याच ऑनलाइन दुकानात मिळत नाही, आणि आम्ही मित्र अजून दर आयपीएलला नव्या जर्सीचे पॅच टाकून खेळतो. जगात कुणाला पैसे द्यायचे सांगा, मी आज देतो.

रविवारची_सुट्टी

धागा वाचून कपाट उघडलं. माझ्याकडे पीएस२ ची देसी अड्डा आहे, ओरिजिनल डिस्क, २००९ ची. कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असलेला गेम, हैदराबादच्या टीमने केलेला. तेव्हा सोनीने भारतासाठी असे काही गेम स्वस्तात आणले होते, हनुमान पण होता. कन्सोलची लेन्स गेलीय. हे गेम पुन्हा कुणी काढणार नाही असं वाटतं, आणि डिस्कवर ओरखडे दिसायला लागलेत. स्वतःच्या डिस्कवरून उतरवायचं असेल तर काय लागतं? नेटवरचं नकोय, माझीच डिस्क आहे.

फ्रेम_ड्रॉप

कॉम्प्युटरला साधा डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर पुरे, पीएस२ ची डिस्क त्यात वाचली जाते, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) करून घ्या. दोनदा करा आणि दोन्ही फाइल जुळतात का बघा, ओरखडे आहेत म्हणून. एम्युलेटरला बायोस लागेल, तोही तुमच्याच पीएस२ मधून काढा. लेन्स गेली तरी चालतं, मेमरी कार्डवरून सुरू करून पेनड्राइव्हवर घेता येतो.

रविवारची_सुट्टी

ड्राइव्ह शेजारच्या काकांकडे आहे. रविवारी बसते, दोन्ही फाइल जुळल्या की इथेच लिहिते.