भिंतीला ओल, खांबाला भेग: बिल्डरवर दावा करावा का? (अनुभव धागा)

सुरंगी, पर्वरी

नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही पर्वरीत दोन बेडरूमच्या फ्लॅटचा ताबा घेतला. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग उमटला. बिल्डरनं माणूस पाठवून रंग मारून दिला. दुसऱ्या पावसाळ्यात डाग दाराएवढा झाला. तिसऱ्यात छताच्या गिलाव्याचा पोपडा सुटून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला. मुलगा तेव्हा नेमका आंघोळीला गेला होता. तो पोपडा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, पावणेदोन किलो भरला. आता खाली पार्किंगमधल्या दोन खांबांवर उभ्या भेगा दिसतात आणि त्यांतून तांबूस ओघळ आले आहेत.

इमारतीत बावीस फ्लॅट, त्यांतले बरेच बंद, मालक गोव्याबाहेर. यजमान म्हणतात, बिल्डर गावचा आहे, दिरांच्या वर्गातला, देवळात समोरासमोर येतो. कोर्टात गेलो तर जन्माचं वैर होईल. मला वाटतं, जन्माची पुंजी आपण याच भिंतींत घातली आहे. येत्या नोव्हेंबरात पाच वर्षं पूर्ण होतात, म्हणून घाई आहे.

ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहावं. दावा केलात, केला नाहीत, मध्येच मागे घेतलात, काहीही असो. बिल्डरचं नाव कृपया घेऊ नका.

चिरेबंदी, फोंडा

आम्ही दाव्याच्या उंबरठ्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. आमच्या संडास-बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायचं. बिल्डर म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्यांनी नळजोडणी बदलली, त्यांना विचारा. वरच्यांशी आमचं बोलणं बंद झालं. दोन वर्षं जिन्यात एकमेकांकडे बघत नव्हतो. शेवटी एका प्लंबरनं साधी गोष्ट केली. वरच्या बाथरूमची जाळी बंद करून तिथे चार बोटं पाणी भरलं, त्यात नीळ टाकली आणि दोन दिवस तसंच ठेवलं. नळ पूर्ण बंद असताना आमच्या छतातून निळं पाणी आलं. म्हणजे दोष नळाचा नव्हता, लाद्यांखालच्या वॉटरप्रूफिंगचा होता. त्या दिवशी वरच्या काकूंनी आम्हाला चहाला बोलावलं.

मग वकिलाकडून एकच पत्र पाठवलं. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातलं कलम १४, पोटकलम ३: ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सोयीसुविधांचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरनं ३० दिवसांत जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. पत्राला नीळ घातलेल्या पाण्याचे तारखेसकट फोटो जोडले. २६ व्या दिवशी माणसं आली, लाद्या उखडल्या, नवा कोबा घातला. तोवर आम्ही केलेले चाळीसेक फोन, व्हॉट्सअपवरच्या विनवण्या, सगळं पाण्यात गेलं होतं. सुरंगीताई, तुम्ही अजून लेखी काहीच दिलं नसेल तर आधी ते द्या. स्पीड पोस्टानं.

दर्या, दाबोळी

आमचं प्रकरण पत्रानं मिटण्यातलं नव्हतं. समुद्र जवळ, वारा खारा. सहाव्या नव्हे, तिसऱ्याच वर्षी खांबांचे कोपरे फुटायला लागले. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, बांधकामातलं मला काही कळत नाही. पण ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडी या भागात बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली आणि ३१ कामगार गेले, ते मी विसरलेलो नाही. खांबावरची भेग बघून मला रात्री झोप यायची नाही. बायको म्हणाली, एकदा कुणातरी जाणत्याला दाखवा, निदान कळेल तरी.

स्ट्रक्चरल इंजिनियर आला. त्यानं यंत्रानं सळीवरचा काँक्रीटचा थर मोजला. समुद्रकाठच्या बांधकामात खांबाच्या सळीवर ४५ मिलिमीटर थर हवा, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. आमच्याकडे काही ठिकाणी १५ निघाला. खारी हवा आत शिरते, सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. तुमच्याकडचे तांबूस ओघळ वाचून मला तेच आठवलं, म्हणून एवढं लांबण लावलं.

खरी लढाई मात्र सोसायटीत झाली. १८ फ्लॅटपैकी सह्या मिळाल्या ११. ज्यांना फ्लॅट विकायचा होता ते म्हणाले, तक्रार झाली तर गिऱ्हाईक पळेल. एकानं मला मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत "तुम्हाला रिकामा वेळ आहे" असं सुनावलं. ते मनाला फार लागलं. पण त्याच माणसाच्या बाल्कनीचा सज्जा पुढच्या पावसात खाली आला आणि बारावी सही त्याची झाली.

आम्ही पणजीला रेरा प्राधिकरणाकडे गेलो. वकिलानं समजावलं की दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं आणि नुकसानभरपाई ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी वेगळा असतो, म्हणून अर्ज दोन. आदेश आमच्या बाजूनं लागायला दोन वर्षं गेली. बिल्डर अपिलात जायला निघाला, तेव्हा त्याला कळलं की ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासकट आधी भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. त्याच आठवड्यात तडजोडीचा निरोप आला. खांबांना जॅकेटिंग (भोवती नव्या सळ्या-काँक्रीटचं आवरण) करून मिळालं, भरपाईची रक्कम मागितल्याच्या निम्म्याहून कमी. आम्ही घेतली. आमच्यातले दोघे अजून म्हणतात, पूर्ण लढायला हवं होतं. मी पंचाहत्तरीला आलो होतो, मला रात्रीची झोप हवी होती.

एक चूक सांगतो. तीन खांब आम्ही घाबरून आधीच स्वखर्चानं दुरुस्त केले, फोटो न काढता, मोजमाप न करता. त्यांचा एक पैसा मिळाला नाही.

अबोली, डिचोली

माझा अनुभव फ्लॅटचा नाही आणि त्याचा शेवटही चांगला नाही. आमच्या स्वतःच्या जमिनीवर वडलांनी घर बांधायला दिलं, ठेकेदार आईच्या माहेरच्या नात्यातला. स्वतःच्या प्लॉटवर एकच घर, म्हणजे रेराचा विषय नव्हता. दाद मागायची तर ग्राहक आयोगाकडे, आणि तिथे मुदत २ वर्षं.

स्लॅब गळत होता. दरवर्षी तो यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि म्हणायचा, "चवथ जांव दी, मागीर येतां." चवथ व्हायची, दिवाळी व्हायची, शिमगा व्हायचा. वडलांनी शब्दावर विश्वास ठेवला. तिसऱ्या वर्षी मी वकिलाकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: त्याच्या आश्वासनाचं काही लेखी आहे? नव्हतं. ते म्हणाले, उशीर माफ करून घ्यायचा अर्ज करता येईल, पण कारण काय दाखवणार?

मी तरीही अर्ज करायला तयार होते. आईनं हात धरला. म्हणाली, माझ्या भावाकडचा रस्ता बंद करू नकोस. मी थांबले. स्लॅबवर पत्रे घातले, दोन लाखांच्या वर गेले. वडील आता नाहीत. ज्या खोलीत ते शेवटचे दिवस होते तिथे पावसात बादली ठेवावी लागायची. आवाजानं ते जागे व्हायचे, म्हणून मी बादलीत जुनं लुगडं घालून ठेवायची. नातं टिकलं का, तर टिकलं. तो बाराव्याला आला होता. मी त्याच्याशी बोलले नाही.

पागोळी, मडगाव

अबोली, वाचून डोळे भरले.

मी एकटीनं ग्राहक आयोगात तक्रार केली, मडगावातच. फ्लॅटला ३८ लाख दिले होते, म्हणून जिल्हा आयोग. २० ते ५० लाखांसाठी फी फक्त १,००० रुपये. खिडक्यांतून पाणी, उखडलेल्या लाद्या, न दिलेली लिफ्ट. वकील ठेवला नाही, मी शाळेत शिकवते, कागद नीट लावता येतात. तारखांना रजा टाकून गेले. तीन वर्षं लागली. निकाल लागल्यावर वाटलं होतं संपलं, पण रक्कम हातात यायला वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागला. याची तयारी मनाशी ठेवा.

ओहोळ, म्हापसा

मी तक्रार मागे घेतली. बाल्कनी बंद करून स्वयंपाकघर वाढवलं होतं, एक भिंत पाडली होती. बिल्डरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला तेच फोटो काढून दाखवले. माझी गळती दुसऱ्याच खोलीतली होती, तरी उत्तर देता देता नाकी नऊ आले. तुम्ही काही फेरफार केला असेल तर वकिलाला आधीच सांगा.

चिरा, फर्मागुडी

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, बिल्डर आणि ग्राहक दोघांसाठी काम केलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच भेगा गिलाव्याच्या असतात, केसासारख्या, जाळीदार. त्यांच्यासाठी मी लोकांना भांडू नका म्हणून सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चांगल्या भिंतीलाही ओल येते. पण सळीच्या रेषेत सरळ उभी भेग आणि त्यातून तांबूस पाणी, हे ओलीचं लक्षण नाही. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे. आणि तपासणी होईपर्यंत बिल्डरला तिथे रंग मारू देऊ नका.

सुरंगी, पर्वरी

सगळ्यांचं वाचलं. यजमानांनाही वाचायला दिलं. दर्याकाकांचं वाचून ते खाली गेले, खांबाजवळ बराच वेळ उभे होते. मग अबोलीचं वाचलं. त्यानंतर गावच्या माणसाचा विषय त्यांनी काढला नाही.

रविवारी नऊ कुटुंबं आमच्या हॉलमध्ये बसली. दोघांनी सह्या दिल्या नाहीत, पण तपासणीच्या खर्चात वाटा दिला. इंजिनियर पुढच्या आठवड्यात येतो आहे. आधी त्याचा अहवाल, मग वकिलाची नोटीस, ३० दिवस वाट, आणि काही झालं नाही तर नोव्हेंबरच्या आत रेरा. बिल्डरच्या घरी यजमान स्वतः जाऊन आले, नोटीस येणार आहे हे तोंडावर सांगून आले. तो काय म्हणाला ते त्यांनी मला सांगितलं नाही.

काचेच्या दोन पट्ट्या काल लावल्या. मुलानं तारीख लिहिली.