अनुभव धागा: शहरात राहायला जायच्या आधी तुम्ही काय पाहून आलात?

दारव्हा तालुका, यवतमाळ

दोन महिन्यांपासून आमच्या घरात हा एकच विषय आहे. पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात मला काम मिळतंय. इकडे सहा एकर वावर, कपाशी आणि तूर. बाबा सत्तरीचे, आई गुडघ्यांनी बेजार, मुलगी चौथीत. दसऱ्याच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे.

पगार, भाडं, किराणा, गाडीभाडं हे सगळं वहीत मांडून झालं. हिशेब जमतो. पण गेल्या दिवाळीनंतर आतेभावाकडे चार दिवस राहून आलो, तेव्हा सगळंच छान वाटलं होतं. थंडीचे दिवस, रोज गोडधोड, तो स्वतः गाडीवर बसवून फिरवत होता. त्या चार दिवसांवर भरवसा ठेवून घर हलवायचं का, हे मला ठरवता येत नाही.

जे गेले त्यांनी सांगा, जाण्याआधी नेमकं काय तपासलं आणि काय तपासायचं राहून गेलं. जे जाऊन परत आले त्यांनी तर लिहाच.

वरूड, सध्या पुणे

मी २०१६ मध्ये हिंजवडीत लागलो. मावशी कोथरूडला राहते, तरी मुद्दाम तिच्याकडे उतरलो नाही. वाकडला एका खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एक खाट भाड्याने घेऊन, महिनाभर राहिलो आणि त्यासाठी जुलै निवडला. सकाळी नऊला, भर पावसात, खोलीपासून कंपनीच्या फाटकापर्यंत किती वेळ लागतो ते रोज लिहून ठेवलं. रस्ता तोच, पण एका दिवशी पंचवीस मिनिटं तर दुसऱ्या दिवशी सव्वा तास. त्या नोंदी पाहून मी कंपनीच्या जवळची, जरा लहान आणि जरा महाग खोली घेतली. तेव्हापासून त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही.

पाण्याचं घरमालकाला विचारू नका, इमारतीच्या रखवालदाराला विचारा. मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे द्यावे लागतात, हे तो बरोबर सांगतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, तो नोंदवूनच घ्या. कायद्याने ती घरमालकाची जबाबदारी आहे.

हवेचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल लागला की कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवतो. पुण्यात ऊन असलं तरी संध्याकाळी वारा सुटतो आणि झोप लागते. आईला त्या एका कारणासाठी पुणं आवडलं.

राहून गेलं ते बोलण्याचं. मंडईत सांबार मागितला तर भाजीवालीला कळलं नाही, कोथिंबीर म्हणावं लागलं. आलू, भेद्रे (टोमॅटो), फल्ली (भुईमुगाची शेंग), सगळेच शब्द बदलावे लागले. गोष्ट लहान आहे, पण पहिलं वर्षभर मी दुकानात तोंड उघडायच्या आधी मनात शब्द जुळवायचो. त्याचा थकवा येतो. तो येणार हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारंजा (लाड)

एक छोटी गोष्ट. रेशन कार्ड गावचं असलं तरी धान्य शहरातल्या दुकानातही मिळतं, अंगठा लावून. कार्ड आधारशी जोडलेलं हवं. कार्ड रद्द करून जायची घाई करू नका. आणि वावर मक्त्याने देणार की स्वतः करणार ते आधी ठरवा. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पिकाच्या सरकारी नोंदीचा, फोटो वावरात उभं राहूनच घ्यावा लागतो, तो चाकणमधून निघत नाही.

मेहकर, जाऊन परत आलेला

मी वऱ्हाडीतच लिहितो, मनातलं तसंच निघते.

डोंबिवलीले गेलो होतो. मोटर वाइंडिंगचं काम येते मले, तिकडं कामाले तोटा नव्हता. जायच्या आधी समदं पाहून आलो होतो. लोकलची गर्दी पाह्यली, खोली पाह्यली, नळाले पाणी कवा येते ते पाह्यलं. माह्यासाठी शहर बरोबर होतं. आजही म्हणतो, माह्यासाठी ते बरोबरच होतं.

पण बापाले नेलं आन् त्याच्यासाठी काहीच पाह्यलं नव्हतं. दुसरा माळा, लिफ्ट नाही. गावात तो सकाळी उठला की पारावर जाये, तिथून वावरात, येतायेता चार घरी बसून येये. तिकडं खालती उतरला तरी बसाले जागा नाही आन् बसला तरी बोलाले माणूस नाही. शेजारचे लोक चांगले होते, दुखलं-खुपलं विचारत, पण ते सकाळी सहाले निघत आन् रात्री नऊले येत. मंग बाप खिडकीत बसे. रोज गावाकडं फोन लावे, पाणी आलं का, सोयाबीन कसं हाये. जेवण कमी झालं. डॉक्टरले दाखवलं तर दुखणं काहीच नाही निघालं. एक दिवस मले म्हणे, "बाबू, इथं मले काम नाही रे."

चौदा महिन्यांनी परत आलो. आता मेहकरले दुकान हाये. तिकडच्याइतके पैसे नाही भेटत. बाप सकाळी पारावर जाते.

घर पाह्यता ना, तसं बुढ्या माणसाची बसाची जागाही पाहून या. इमारतीच्या खाली सकाळी अकराले जाऊन उभे राहा आन् पाहा, म्हातारे माणसं दिसतात का, दिसले तर एकमेकांशी बोलतात का.

दारव्हा

दादा, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. बाबांना आधी काही दिवस नेऊन पाहावं तर कोणत्या महिन्यात न्यावं?

दिग्रस तालुका

भाऊ, आम्ही सासऱ्यांना दोनदा नेलं होतं संभाजीनगरला. पहिल्यांदा चैत्रात नेलं, वावर रिकामं असताना. महिनाभर मजेत राहिले, आम्हाला वाटलं जमलं. मग मृगाच्या आधी नेलं. आठव्या दिवशी ढग आले आणि त्यांनी पिशवी भरायला घेतली. तेव्हाच कळलं की वर्षातले चारच महिने ते शहरात राहू शकतात. मग तसंच ठरवून टाकलं. माघ ते वैशाख ते आमच्याकडे, बाकीचे महिने गावात दिराकडे. तुमच्याकडे मृग निघून गेला, पण पोळा अजून व्हायचा आहे. पोळ्यानंतर न्या. कापसाचा पहिला वेचा जवळ आला की ते काय म्हणतात ते ऐका.

आरमोरी, सध्या नागपूर

माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी लिहिते, विदर्भात अशी घरं पुष्कळ आहेत.

यांना दोन ठिकाणी काम मिळत होतं, नाशिकला आणि नागपूरला. नाशिकला पैसे जास्त. पण मुलाला थंडी बाधते, अंगातलं पाणी कमी झालं तरी बाधतं, ताप आला तर बाधतोच. मग अंग इतकं दुखतं की पोरगं ओरडतं. म्हणजे नाशिकचा हिवाळा वाईट आणि नागपूरचा उन्हाळा वाईट. शेवटी निवड झाली ती दवाखान्यावरून. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, असे पेशंट रोज येतात. रात्री दोनला लेकरू घेऊन गेलं तरी आजार काय आहे ते समजावून सांगत बसावं लागत नाही.

खोली पाहताना आम्ही रात्री अकराला तिथून मेडिकलपर्यंत ऑटोने जाऊन पाहिलं. त्या वेळी ऑटो मिळतो का आणि किती वेळात पोचतो, एवढंच पाहायचं होतं. दोन खोल्या त्यावरूनच सोडल्या. दुसरं म्हणजे वरच्या माळ्यावरची, गच्चीच्या स्लॅबखालची खोली स्वस्त मिळत होती, ती घेतली नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि ती भिंत मध्यरात्रीपर्यंत गरम राहते. तळमजला घेतला. भाडं पंधराशेने जास्त, पण मुलगा उन्हाळाभर शांत झोपला.

राजुरा

आमच्याकडून पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. बल्लारशाहहून काझीपेटमार्गे गाडी आहे. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यातच होता, घरात आजीला तेलुगू येतं, त्यामुळे परकं वाटलं नाही. मुलांच्या शाळेचं मात्र पाहिलं नव्हतं. तिकडे शाळेत तेलुगू हा विषय, आणि लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं. दोन वर्षं फार ओढाताण झाली. राज्य बदलत असाल तर आधी शाळेत जाऊन पुस्तकं हातात घेऊन पाहा.

तिवसा, सध्या नागपूर

मी मुलांच्या शाळेसाठी नागपूरला राहते, हे शेती पाहतात. शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या प्रवेशात घरापासून शाळेचं अंतर मोजतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी घेतात, आणि पत्त्यासाठी नोंदवलेला भाडेकरार लागतो. म्हणून आम्ही आधी शाळा ठरवली आणि मग खोली शोधली. दादांची मुलगी चौथीत आहे, त्यांना हे लागू नाही, पण कोणाला तरी उपयोग होईल.

मला लिहायचंय ते दुसरंच. दादा, तुम्ही बाबांचं लिहिलं, आईचं लिहिलं, मुलीचं लिहिलं. वहिनींचं एक अक्षर नाही.

गावात मी बचत गटाची सचिव होते. बँकेत मीच जायची, हिशेब मीच लिहायची, कोणाच्या घरी भांडण झालं तर मला बोलावत. नागपूरला आले आणि दहा ते पाच मी आणि भिंती. हे मला कोणी विचारलंच नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सहा महिने मी कोणाला न सांगता रडले. आता पाटवड्या, सांडगे, कुरड्या करून देते, ओळखी झाल्या, बरं चाललं आहे. बायांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून महिन्यातून दोनदा गावी जाते, गटाच्या बैठकीलाही बसते. पण ते सहा महिने टळले असते. वहिनींना एकटं चाकणला चार दिवस राहू द्या. बाजार, गिरणी, दवाखाना, सगळीकडे त्यांचं त्यांनी जाऊ द्या. परत आल्या की त्यांना आधी बोलू द्या.

दारव्हा

ताई, तुमचं बोलणं खरं आहे. काल तिला विचारलं. ती इथे अंगणवाडीत मदतनीस आहे, नऊ वर्षं झाली. म्हणाली, "तुम्ही ठरवाल म्हणून मी गप्प होते. पण ते काम एकदा सोडलं की परत मिळणार नाही." हे मी वहीत धरलंच नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा झाला की मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो. तीन आठवडे कॉटवर राहणार, आतेभावाकडे नाही. दुसऱ्या आठवड्यात ती येईल, तिने सुट्टी मागितली आहे. शेवटच्या आठवड्यात बाबा. सकाळी अकराला इमारतीखाली कोण बसतं ते मी पहिल्याच दिवशी पाहून इथे लिहितो.