मातीला जाणे

आमचे अण्णा गेल्या महिन्यात शिकागोला वारले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सोलापुरात घरी मराठी बोलोत, कानडी बोलोत की तेलुगू, थोरला तो अण्णा नि थोरली ती अक्का. तिकडं दहन लगेच होत नाही. कागदपत्रं, हॉलची तारीख, लोकांची सुट्टी, सगळं जमेपर्यंत आठवडा गेला. मला जाता आलं नाही. तिकडं दुपारचे तीन, इथं रात्रीचा दीड. बाळीवेशीतल्या घरात टीव्हीला मोबाइल जोडून सगळ्यांनी बघितलं. आता भेटायला येणारा जो तो दारात चप्पल काढता काढता विचारतो, "मातीला गेलता का?" 'नाही' म्हणताना भावाला टाकल्यासारखं वाटतं, 'हो' म्हणवत नाही. या 'मातीला जाणे'चा नेमका अर्थ काय धरायचा? आणि आमच्यात दहन असताना 'माती' कुठून आली?

प्रतिसाद
अण्णांचं ऐकून वाईट वाटलं. ही 'माती' म्हणजे अंत्यविधी. "माती किती वाजता हाय?", "माती उचलली का?" जाळा नाहीतर पुरा, शब्द तोच. लिंगायत समाजात पुरतात, तिथं तो अक्षरशः बसतो. 'मूठमाती' याच कुळातली, पण 'अनिष्ट प्रथांना मूठमाती' लिहून लिहून वर्तमानपत्रांनी तिचा चोथा केला; घरच्या माणसाबद्दल ती वापरवत नाही.

तुमच्या प्रश्नाची ग्यानबाची मेख 'जाणे'त आहे. मातीला कोणी 'उपस्थित' राहत नाही, 'सहभागी' होत नाही. माणूस मातीला जातो, पोचतो, नाहीतर त्याला माती घावत नाही. "एसटी चुकली, माती घावली नाही," हे आपल्याकडं किती वेळा ऐकतो. म्हणजे तिथं पाय लागले पाहिजेत. म्हणून मी तरी 'मातीला गेलो' म्हणणार नाही. 'शेवटचं तोंड बघितलं' म्हणा. ते खरंही आहे आणि त्याचं वजनही काही कमी नाही.

प्रतिसाद
'जाणे'बद्दल सहमत. पण परमुलखात मेलेल्याचा विचार आपल्या जुन्या लोकांनी केलाच नव्हता असं नाही. बातमी दहा दिवस उलटून कळली तर त्या सुतकाला 'अतिक्रांत अशौच' हे नाव आहे. देहच हाती लागला नाही तर पळसाच्या पानांची माणसाची आकृती मांडून तिला अग्नी द्यायचा, तो 'पालाशविधी'. तुमचं मात्र दोन्हीत बसत नाही. बातमी तासाभरात आली, देहही समोर दिसला, फक्त हात लागला नाही. याला शब्द नाही, आणि ओढूनताणून संस्कृत शब्द घडवू नये असं माझं मत.

दिवस कुठला धरलात?

मूळ प्रश्नकर्ता
तोच घोळ झाला. ते गेले तेव्हा तिकडं मंगळवार दुपार, इथं बुधवार लागलेला. वहिनींनी मंगळवार धरला, आम्ही बुधवार. दहावा दोनदा झाला. कोणी वाद घातला नाही.

आणखी एक विचारतो. पुतण्या राख घेऊन आलाय. काळा प्लास्टिकचा डबा, वर नंबर, सोबत दाखला. आत पिठासारखी बारीक राख; तिकडं दहनानंतर हाडं दळूनच देतात. सावडणं हा प्रकारच नाही, वेचायला काही उरतच नाही. मग जाहिरातीत 'अस्थिविसर्जन' लिहावं का? मसुदा असा : 'माझे पाठचे बंधू शिकागो येथे निधन पावले. अस्थिविसर्जन रविवारी सकाळी हत्तरसंग कुडल येथे.'

प्रतिसाद
'रक्षाविसर्जन' लिहा. जुनाच शब्द आहे, कोणाला खटकणार नाही. 'सावडणे' हे वेचून गोळा करण्याचं क्रियापद, ते इथं सोडूनच द्या.

'पाठचे' मात्र काढा. पाठचा म्हणजे आपल्या पाठीवर जन्मलेला, धाकटा. पाठीशी उभा राहणारा असा अर्थ हल्ली पुष्कळांच्या डोक्यात असतो, तो 'पाठराखा'. अण्णा थोरले, तर 'ज्येष्ठ बंधू' लिहा. नाहीतर सरळ 'आमचे अण्णा' लिहा, सोलापुरात कोणालाही कळेल.

कुडलची जागा चांगली निवडलीत. भीमा-सीनेचा संगम आहेच, शिवाय शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख तिथल्या देवळात आहे. रविवारी पुतण्याला तेवढा दाखवा. आणि जाहिरातीत गावाचं नाव 'हत्तरसंग कुडल' असं पूर्ण छापा. कोकणातही एक कुडाळ आहे, लांबच्या पाहुण्यांचा घोटाळा नको.