1915च्या लष्करी तंबूसाठी खुर्ची कोणती?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: महायुद्धाला गावातले किती गेले, किती परतले नाहीत. यंदा यात्रेत 117 मराठा पलटणीच्या छावणीचा देखावा करतोय. मेसोपोटेमिया (आजचा इराक), नोव्हेंबर 1915, टेसिफॉनच्या लढाईआधीचा. गणवेश, पट्टे, टमरेलं जमली, अडलंय खुर्च्यांवर. साहेब आणि सुभेदार नकाशा बघत बसलेत असं दाखवायचंय. एक दुकानदार फोटोतली पितळी कोपऱ्यांची खुर्ची 'अस्सल ब्रिटिश' म्हणून 18 हजारांना देतोय. दुसऱ्याकडे पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची डेकचेअर आहे. एकूण बजेट 20 हजार. जाणकारांनी सांगावं.

उनाड:
मंडपवाल्याच्या लोखंडी खुर्च्यांवर खाकी कापड टाका. यात्रेत कोण बघतंय?

रंधा:
उनाडराव, बघतात. निवृत्त सुभेदार मेजर पहिल्या रांगेत असतात, आणि ते बोलूनही दाखवतात.

जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो. डेकचेअर काळाला चुकत नाही, 1880च्या दशकापासून आहे. पण ती पहुडायला. तीत बसून नकाशावर वाकून दाखवा बघू! 18 हजारांच्या खुर्चीचा फोटो मोठा करून पाहा, सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर फुलीची खाच आहे. तो स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आला. एखादा असता तर दुरुस्तीत बदलला म्हटलं असतं. शिवाय पितळ सगळीकडे सारखंच पिवळंधमक. हात लागतो तिथलं आणि सांदीतलं कधी सारखं दिसतं का? घेऊ नका.

तुम्हाला हवी रुरकी खुर्ची. रुरकीला सॅपर्सची, म्हणजे लष्करी इंजिनियरांची छावणी, तिथलं नाव. 19व्या शतकाच्या अखेरीस आली आणि अफसरांच्या सामानात रुळली. (1857चा देखावा असता तर मीच नको म्हटलं असतं.) खरं तर ती घडीची नाही, सुटी होणारी. लेथवर कातलेले चार पाय, चार आडव्या दांड्या, बैठकीला आणि पाठीला जाड कॅनव्हास, हातांच्या जागी चामडी पट्टे. दांडीचं निमुळतं टोक पायाच्या तसल्याच निमुळत्या भोकात बसतं. खिळा नाही, सरस नाही. माणूस बसला की कॅनव्हास ताणला जातो आणि सांधे आणखी आवळतात. जमीन खडबडीत असली तरी सांधे थोडे फिरतात, चारही पाय टेकतात. उठलात, पट्टे सोडले, की सगळं एका थैलीत.

पण अस्सल जुनी शोधू नका. इतक्या वर्षांत कॅनव्हास कुजलेला असतो, शिवण त्याआधी गेलेली. तुमचा साहेब 85 किलोचा असला तर भर यात्रेत जमिनीवर यायचा. सागवान घेऊन कातारीकडून नवी करून घ्या. टोक आणि भोक एकाच उताराचं हवं, निम्मी मेहनत तिथेच. कातारी सवयीने फेविकॉल लावेल, तेवढं बघा.

बैठक जमिनीपासून फूट-सव्वाफूटच असते. पुढे नेहमीचं टेबल ठेवलंत तर साहेबाची हनुवटी नकाशावर. दारूगोळ्याची पेटी पालथी घाला.

सह्यकडा:
रंधाकाकांशी सहमत. एक भर: खुर्च्या दोनच ठेवा. 117 मराठा सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि त्या मोहिमेत बोटी नि जनावरांची टंचाई होती. खुर्च्यांनी भरलेला तंबू खोटा दिसेल. जवान किटवर, पेट्यांवर नाहीतर जमिनीवर. पुढे हीच डिव्हिजन कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली, 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती. तो प्रसंगही करणार असाल तर खुर्ची ठेवूच नका.

कृष्णाकाठ:
आभार! वेढा यंदा नाही. आमच्याकडे बैलगाडीचे आरे करणारे एक कातारी आजोबा आहेत, त्यांनी होकार दिलाय. 18 हजारवाल्याला नाही कळवलं. कॅनव्हास हिरवा मिळतोय, चालेल का?

रंधा:
हिरवा नको, दुसऱ्या महायुद्धातला वाटेल. कोरा सुती आणा आणि चहाच्या पाण्यात उकळा. पॉलिएस्टरमिश्रित असेल तर रंग नीट धरणार नाही, म्हणून आधी काडी लावून बघा: सुताची राख होते, पॉलिएस्टरचा गोळा. बक्कल पितळी, साधं. आणि आजोबांना सांगा, आधी एकच खुर्ची करा. तिच्यावर गावातला सगळ्यात जाड माणूस बसवा, मग दुसरी कातायला घ्या.