बँडविड्थ म्हणजे वेग नव्हे

'बँडविड्थ म्हणजे नेटचा वेग' असं पुष्कळ जण म्हणतात. बोलताना चालून जातं, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहून नेता येईल ती क्षमता, नळ किती रुंद आहे ते. नळ उघडल्यावर पहिला थेंब यायला लागणारा वेळ निराळा, त्याला लेटन्सी म्हणतात. उपग्रहावरून येणारं नेट घ्या. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून पाहिलं तर एकाच जागी थांबलेला दिसणारा, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. लहरी प्रकाशाच्या वेगाने गेल्या तरी त्याच्यामार्फत विनंती पाठवून उत्तर परत यायला जवळपास अर्धा सेकंद जातोच. त्यामुळे अशा जोडणीवर सिनेमा छान दिसेल, पण बोलताना दोघंही एकमेकांना तोडत राहतात. नळ कितीही रुंद करा, तो अर्धा सेकंद हटत नाही.

दुसरा घोळ बिट आणि बाइटचा. बिट म्हणजे एक ० किंवा १, आणि अशा ८ बिटचा १ बाइट. लाइनची बँडविड्थ सेकंदाला किती मेगाबिट अशी सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. (हे कळेपर्यंत मीही आपल्याला फसवलं म्हणून चिडलो होतो!) 'बिट' हा शब्द माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या निबंधात वापरला आणि त्याचं श्रेय संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांना दिलं.

आणि हो, व्हिडिओ फाइलींच्या एमपी४ बद्दलही अशीच गल्लत होते. एमपी४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत, नाही. तो नुसता डबा, आत एच.२६४ हा कोडेक असेल किंवा दुसरा कुठला. 'एमपी४ असूनही व्हिडिओ चालत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच, की डबा उघडतो पण आतला कोडेक आपल्या यंत्राला उलगडता येत नाही.